अल्सर, उंदीर आणि 'टेन्शन घेऊ नका'

जुनाट दुखणं असलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "टेन्शन घेऊ नका". देणारा चांगल्या मनानंच देतो. पण ऐकणाऱ्याला त्यात आणखी एक वाक्य ऐकू येतं: टेन्शन घेतलंत म्हणूनच हे झालं. हा आरोप विज्ञानात कसा शिरला हे बघायचं, तर अल्सरचा इतिहास बघावा.

१९३० च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली अंडाशयातलं नवं हार्मोन शोधत होता. उंदरांना अर्क टोचला, की तीन गोष्टी दिसायच्या: ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, थायमस आक्रसलेली आणि जठरात व्रण. हार्मोन सापडलं म्हणून स्वारी खूश! मग त्यानं नुसतं फॉर्मॅलिन टोचून पाहिलं, तरी तेच. थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, तरी तेच. (पीएचडी करणाऱ्या कुणाच्याही पोटात इथे गोळा येईल.) सेलीनं या अपयशालाच शोध मानलं आणि १९३६ मध्ये 'नेचर'ला एक छोटंसं पत्र पाठवलं. शरीराच्या या सरसकट प्रतिसादाला 'स्ट्रेस' हे नाव मिळालं ते नंतर.

तिकडे शिकागोत मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर म्हणत होता, की अल्सरच्या रुग्णाला आतून कुणीतरी आपली काळजी घ्यावी असं वाटत असतं, पण वरून तो कर्तबगारी दाखवत राहतो. त्याच्या यादीत दमा, संधिवात, उच्च रक्तदाबही होते. म्हणजे पोट तुमचं दुखतंय आणि चूक तुमच्या स्वभावाची! अल्सरवाल्यांना दूध, सक्तीची विश्रांती, फारच झालं तर ऑपरेशन. यातून तंबाखू कंपन्यांचंही फावलं. त्यांनी सेलीला पैसे दिले होते, हे नंतर उघड झालेल्या त्यांच्याच कागदपत्रांत आहे. आजाराचं खापर ताणावर फुटलं, की सिगारेट मोकळी.

मग ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना रुग्णांच्या जठरात वळणदार जिवाणू सापडले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स जरा जास्त दिवस राहिल्या, म्हणून ते वाढले. १९८४ मध्ये मार्शलनं ते स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. बहुतेक अल्सर अँटिबायोटिक्सनं बरे होऊ लागले.

मग स्ट्रेस खोटाच का? तसंही नाही. हा जिवाणू असंख्य लोकांच्या पोटात असतो, अल्सर थोड्यांनाच होतो. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तिथे रक्तस्राव होणारे अल्सर वाढल्याची नोंद आहे.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं काम जे वाइस याचं, आणि त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. १९७० च्या सुमारास त्यानं उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांना एकाच वेळी, तितकाच विजेचा झटका. दोघांपुढे फिरवायचं चाक. पण एकाच्याच चाकानं झटका थांबायचा, तोही दोघांचा. दुसऱ्याचं चाक कशालाच जोडलेलं नव्हतं. झटके समान, तरी व्रण या दुसऱ्याला कितीतरी जास्त. झटक्याआधी सूचनेचा आवाज दिला, की व्रण कमी. आणि निरुपयोगी चाक जो जास्त फिरवायचा, त्याला व्रणही जास्त.

उंदरावरून माणसावर उडी मारताना जपूनच. पण संधिवाताच्या रुग्णाला "पॉझिटिव्ह राहा, प्रयत्न करा" म्हणताना हे चाक मला आठवतं. कुठल्या औषधानं काय होतंय, दुखणं कधी उसळेल, आज किती चालायचं, हे त्याला कुणी सांगितलंय का? की तो नुसताच चाक फिरवतोय? माणसांमध्ये हे मोजायचं कसं आणि त्यात कॉर्टिसॉल कुठे येतं, ते पुढच्या लेखात.