कावेरीकाठचे विद्योपजीवी

कुंभकोणमजवळील गोविंदपुरम् येथे बोधेन्द्र सरस्वतींचे अधिष्ठान आहे. त्याच गावी २०११ साली महाराष्ट्रीय धाटणीच्या शिखराचे विठ्ठलमंदिर उभे राहिले. द्रविड देशी विठोबा पाहून मराठी यात्रिकास नवल वाटते. परंतु व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षे, मराठी या मातीत नांदत आहे. ते नाते केवळ तलवारीचे वा भक्तीचे नव्हे, तर विद्येवर निर्वाह करणाऱ्यांचेही आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः ग्रंथकार होते. त्यांनी १६९३ साली गोविंदपुरम्‌च्या परिसरातील तिरुविशनल्लूर हे गाव चाळिसांहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे नाव शहाजिराजपुरम् पडले. 'पतंजलिचरित' लिहिणारे रामभद्र दीक्षित त्यांपैकीच. गावच्या उत्पन्नातून पंडितांचा चरितार्थ चाले. त्यांनी पढावे, पढवावे आणि लिहावे, एवढीच अपेक्षा होती. आजच्या भाषेत ही ज्ञानकर्मींची वसाहतच होय. पीटर ड्रकर यांनी १९५९ साली ती संज्ञा मांडली. पण वस्तू जुनीच आहे.

दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांनी सरस्वती महालात ग्रंथसंग्रह वाढविला, काशीयात्रेतूनही पोथ्या आणविल्या. या कामी नकलनवीस आणि पंडित राबले. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांच्या हातच्या पोथ्या आहेत. १९१८ साली हे भांडार सार्वजनिक झाले.

तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. राजाश्रय सरला, विद्या सरली नाही. कारण विद्योपजीवी माणसाचे हत्यार त्याच्या मस्तकातच असते. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्यास त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. दिवाणगिरी १८८२ साली संपली. शिकवण मागे राहिली.

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे अशाच परमुलखी विद्येवर पोट भरीत आहेत. पगार देणारा आपले काम विकत घेतो. परंतु पुढील पिढीस काय सुपूर्द करावयाचे, हे आपल्याच हाती राहते. तंजावरात मोडी कागदांची बाडे आहेत. ती वाचू शकणारे मात्र थोडे उरले आहेत. कागद टिकला आणि वाचणारा सरला, तर त्या विद्येचे पुढे काय होणार?

म्हणून ज्ञानकर्मी तो नव्हे, ज्याच्यापाशी ज्ञान आहे. तर तो, ज्याच्यामागे ते दुसऱ्यापाशी उरते. घरी मुलांना बाराखडी गिरवावयास लावणारी माताही या अर्थाने शहाजिराजपुरम्‌च्या पंडितांच्याच पंक्तीस बसते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ती पंक्ती अखंड चालत राहो, हीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.