‘मोह’ या शब्दाचे मूळ

शाळेचा व माझा संबंध लवकरच सुटला. तेव्हा व्युत्पत्तीवर बोलण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु ज्या शब्दाने मला एकदा भर सभेत खाली पाहावयास लावले, त्याची कुळकथा शोधणे मला भाग पडले.

मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावर वीटभट्टी मजुरांची बैठक होती. मजुरीचा पैसा दारूत जातो, म्हणून मी कोटी केली, “मनातला मोह सोडा आणि रानातलाही मोह सोडा!” एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “दादा, मोह सोडला तर पावसाळ्यात तेल कुठलं खाऊ?” मजजवळ उत्तर नव्हते.

मनाला पडणारा मोह संस्कृत ‘मुह्’ धातूपासून आला. त्याचा अर्थ भ्रम, भुरळ. झाडाचा मोह त्याचा कोणीही नव्हे. त्याचे मूळ ‘मधूक’, आणि मधूकाच्या पोटी आहे मधु, म्हणजे मध. प्राकृतात ‘ध’चा ‘ह’ होतो. दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, तसा मधूकाचा मोह झाला. हिंदीतील महुआ व गुजरातीतील महुडो हे त्याचेच भाऊबंद. दोन वेगळ्या घरांतले शब्द मराठीत एका रूपाला आले, एवढेच.

कालिदासाच्या रघुवंशात इंदुमतीच्या हातची स्वयंवरमाला दूर्वा व मधूकपुष्पांची आहे. युरोपीय पंडितांनी या वृक्षाला बोलोन्याच्या फेर्दिनान्दो बासी यांच्यावरून ‘बासिया’ म्हटले. पण ते नाव १७६६ मध्येच दुसऱ्या एका वनस्पतीला दिले गेले होते. शास्त्राचा नियम असा की, नाव ज्याला आधी मिळाले त्याचेच. म्हणून वृक्षाकडे १७९१ सालचे ‘मधुका’ हे नाव आले. शास्त्रालाही अखेर मधाकडेच यावे लागले!

कायद्याला मात्र फुलात भुरळच दिसली. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू सरकारच्या मुठीत आणली. घरची दारू बंद झाल्याशिवाय मक्त्याची दारू खपत नाही. १८९२ साली मुंबई सरकारने मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला, तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही ही फुले अडकली. राजकन्येच्या माळेतले फूल कातकरणीच्या टोपलीत गुन्हा ठरले.

त्या टोपलीत काय असते? फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, वारली बाया ती वेचतात, मनुकांसारखी वाळवतात आणि धान्य सरले की उकडून खातात. पुढे पावसाळ्याच्या तोंडी बियांचे तेल निघते. फुलांची दारूही होते. दारूने मोडलेले संसार मी पाहिले आहेत, ते मी झाकणार नाही. परंतु भुकेच्या दिवसांत घर धरणारे झाड त्यासाठी बदनाम का व्हावे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरील व साठवण्यावरील निर्बंध उठवले. हा न्याय यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

त्या म्हातारीची मी पुढच्या बैठकीत माफी मागितली. तेव्हापासून दारूविरुद्ध बोलताना मी ‘दारू’ हाच शब्द वापरतो.