सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास, बहुतेक घरं ऊस आणि साखर कारखान्याशी बांधलेली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या सभेत एक निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद व्हायचे. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी मुलांच्या हाती दिलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटत नव्हता, ही बायकांची आणि शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन समजावत फिरले. बातमी बीबीसीपर्यंत पोचली.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझं गाव कऱ्हाडजवळ, आजोळ वाळवा तालुक्यात. ही बातमी ऑफिसात सगळ्यांनी कौतुकानं एकमेकांना पाठवली. मला मात्र तिच्यात नवं काही दिसलं नाही, जुनंच काहीतरी दिसलं.

सांगली आणि सातारा हे मूळचे एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या एकसंध साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. रेल्वे अडवून खजिना लुटण्याच्या गोष्टी आपण ऐकतो, पण त्या सरकारचं रोजचं काम वेगळंच होतं. गावोगावी न्यायदान मंडळं, दारूबंदी, कमी खर्चातली लग्नं. कुंडलपासून वडगाव काही लांब नाही. गावानं बसून ठरवायचं आणि गावानंच पाळायचं, ही सवय या मातीत आहे. भोंगा त्याच सवयीतून वाजला, असं मी मानतो. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की नियम पोरांपुरता नव्हता. बापाचा फोन आणि आजीची मालिकाही बंद.

तरी एक प्रश्न सुटत नाही. ठरवताना पोरांना कुणी विचारलं?

हा प्रश्न माझ्या आजोळी मला भेटला. मामेबहीण अकरावी सायन्सला होती. घरात स्मार्टफोन एकच, मामाचा. मामा कारखान्यातून सातला यायचा आणि मग तो फोन तिच्या हाती पडायचा. जेवणं होईपर्यंतच्या त्या दोन तासांत ती भौतिकशास्त्राचे व्हिडिओ बघायची. तिच्या गावात भोंगा नव्हता. असता तर तिचे नेमके तेच दोन तास गेले असते. तिच्या भावाचं काही बिघडलं नसतं. त्याचा फोन दिवसभर त्याच्या खिशातच असायचा.

एका घराची गोष्ट पुरावा नव्हे, म्हणून मी आकडे शोधले. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. म्हणजे आपण 'मुलं मोबाइलमध्ये बुडालीत' म्हणतो, त्या 'मुलं' शब्दात दोन वेगळी आयुष्यं आहेत.

युरोपात २०१० मध्ये २५ देशांतल्या पंचवीस हजारांहून अधिक मुलांशी त्यांच्या घरी जाऊन बोलणं झालं. सोनिया लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालच्या त्या अभ्यासाचं सार असं, की वापर वाढला की धोके वाढतात आणि संधीही वाढतात. शिवाय धोका समोर आला म्हणजे इजा झालीच असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०२१ मध्ये डिजिटल जगाबद्दलचं भाष्य लिहिलं, तेव्हाही अनेक देशांतल्या मुलांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं गेलं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा म्हणतो, की अठराच्या आतल्या व्यक्तीची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येणारी संमती हवी. हेतू चांगला आहे. पण वयाची असली स्क्रीन मी स्वतः लिहिली आहे. पोरगं जन्मवर्ष खाली सरकवतं आणि दोन सेकंदांत वीस वर्षांचं होतं. पालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवायचा म्हटलं, तर मामाच्या घरी तो ओटीपी मामेबहिणीच्या हातातल्याच फोनवर येणार. नियम लिहिताना 'एक माणूस, एक फोन' असं घर डोळ्यांसमोर असतं. वाळव्यातलं घर तसं नाही, हे कळायला कुणीतरी तिथं जाऊन विचारावं लागतं.

गावाचा ठराव सरकारी धोरण व्हायला वेळ लागत नाही, हेही आपण पाहिलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ते योग्यच होतं. अन्याय्य प्रथा मोडायला पाहणी लागत नाही. फोनचं तसं नाही. तो काढून घेतल्यानं कुणाचं काय जातं, हे घरागणिक बदलतं.

म्हणून उद्या कुठल्या गावानं भोंगा बसवायचा ठरवलं, तर माझं सांगणं एवढंच. ज्या आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई नियम समजवायला दारोदार जाणार आहेत, त्यांनी महिनाभर आधी एक फेरी मारावी. घरात फोन किती, मुलीच्या हाती तो कधी येतो, ती त्यावर काय करते, एवढंच विचारावं, आणि उत्तर मुलीकडूनच घ्यावं. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं. मग वेळ सातची ठेवायची की नऊची, ते गाव ठरवेल. ठरवणं गावाला जमतं, याला इतिहास साक्षी आहे.

मामेबहीण आता सांगलीत नर्सिंग करते. भोंग्याची बातमी मी तिला दाखवली. पूर्ण वाचून तिनं विचारलं, "दादा, तिथं पोरी अभ्यास कधी करत असतील रे?"