‘सिस्टर’चा अधिकार : नगर जिल्ह्यातील परिचर्येचा एक मागोवा

सरकारी कागदावर नर्सला अनेक नावे आहेत. स्टाफ नर्सला ‘अधिपरिचारिका’ म्हणतात, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला ‘परिसेविका’, मेट्रनला ‘अधिसेविका’ आणि शिकवणाऱ्या ट्यूटरला ‘पाठ्यनिर्देशिका’. उपकेंद्रावरची एएनएम म्हणजे ‘आरोग्यसेविका’. खाटेवरचा रुग्ण यांपैकी एकही शब्द वापरत नाही. तो शहरात ‘सिस्टर’ अशी हाक मारतो आणि खेड्यात ‘नर्सबाई’. या पदनामांत सेवा जागोजागी दिसते. तिच्याबरोबर अधिकार किती आला, हा प्रश्न मात्र मला उशिरा पडला. ज्या दिवशी पडला, तो दिवस भाऊबीजेचा होता.

६ नोव्हेंबर २०२१. नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे आम्हा नगरकरांच्या ‘सिव्हिल’च्या, कोविड अतिदक्षता विभागात सकाळी आग लागली आणि अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. पुढे काही वरिष्ठांचे निलंबन झाले. पण पहिल्या अटका झाल्या त्या चौघींच्या : एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. परिचारिकांच्या संघटनांनी निषेध केला, कामबंदचे इशारे दिले. कोण दोषी हे न्यायालयाने ठरवायचे आहे, मी त्यात पडत नाही. ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. तरीही मनात आले, की इमारतीची वीजजोडणी, आग विझवण्याची यंत्रणा, त्यासाठीचा निधी, भरतीची मंजुरी यांतली एकही गोष्ट कोणत्याही रुग्णालयात नर्सच्या अखत्यारीत नसते. मग जबाबदारीची साखळी तिच्यापाशी येऊन इतक्या लवकर का थांबते?

या प्रश्नाचा माग काढत मी नगर जिल्ह्याचा दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. जुन्या काळाबद्दल लिहिताना जुने नाव ठेवले आहे.) हाती आले ते असे : या जिल्ह्यात परिचर्येला मान मिळण्याचा आणि नर्सला अधिकार मिळण्याचा इतिहास एक नाही. मान हळूहळू मिळत गेला. अधिकार मात्र क्वचित, आणि कुणी मुद्दाम दिला तेव्हाच मिळाला.

*

सुरुवात सावित्रीबाई फुल्यांपासून करावी लागते, कारण त्यांचे एक टोक नगरला आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. तिथे मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते त्यांच्याकडे. पुढे पन्नासएक वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिकवण्याचे काम त्यांनी रीतसर शिकून केले. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा मात्र केवळ माणुसकीच्या बळावर केली. शुश्रूषा ही शिकण्याची, पगाराची आणि नोंदणीची गोष्ट आहे, हे तोवर समाजाच्या मनात उतरलेच नव्हते. आजही परिचर्येचा गौरव करताना आपण त्याग आठवतो आणि शिक्षण विसरतो.

मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले, आणि १८९० च्या दशकात जे. जे. रुग्णालयात हिंदी स्त्रिया नर्सिंग शिकू लागल्या. नगरमध्ये ही वाट मिशनच्या अंगणातून आली. डॉ. ज्युलिया बिसेल १८९० च्या दशकात नगरला स्त्रियांना औषधपाणी देऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. रूथ ह्यूम आल्या. दोघीही इथल्या मिशनरी घरांतल्या लेकी. त्यांच्या काळात स्त्रिया आणि मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले. बाई पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसे, म्हणून स्त्री डॉक्टर हवी होती. आणि डॉक्टर एकटी रात्रंदिवस खाटेशेजारी बसू शकत नाही, म्हणून नर्स हवी होती.

या नर्सेस यायच्या कुठून? उच्चवर्णीय घरातून येणे जवळपास अशक्य होते. रक्त, मळ, लघवी, बाळंतिणीचे कपडे हा सगळा विटाळ. घरात बाळंतपण झाले की दहा दिवस सोयर. नाळ कापणारी सुईण बहुधा गावकुसाबाहेरची, आणि तिचे काम झाले की तिने मागल्या दारानेच जायचे. अशा समाजात रुग्णाला हात लावून पोट भरण्याचा धंदा कोण पत्करणार? १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील कितीतरी पोरकी मुले-मुली मिशनच्या आश्रयाला आली. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या ख्रिस्ती मुली, ज्यांतल्या पुष्कळजणींची घरे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातली, त्या या कामाला पुढे आल्या. ज्यांचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्यांच्याच स्पर्शावर दवाखाना उभा राहिला. हे रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे, म्हणजे मुक्तिफौजेकडे गेले, आणि १९३९ पासून ‘इव्हँजेलीन बूथ हॉस्पिटल’ या नावाने ओळखले जाते. नगरमध्ये आजही रिक्षावाल्याला ‘बूथ’ एवढेच सांगावे लागते.

पुण्यात हेच दार दुसऱ्या बाजूने उघडले गेले. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकवण्याचा घाट घातला. संस्थेच्या एका समारंभात शिकून तयार झालेल्या नर्सची टवाळी करणाऱ्या विद्यार्थ्यांना रमाबाईंनी भर सभेत फटकारल्याचे सांगितले जाते. टवाळी करणारे शिकलेले तरुण होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कायदा पाठीमागून आला. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात नर्सेस, सुइणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ च्या भोर समितीने देशात त्रेचाळीस हजार माणसांमागे एक नर्स असल्याचे नोंदवले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका कायदा झाला. नर्स कायद्याच्या नोंदवहीत आली. गावाच्या मनातली नोंदवही वेगळी होती.

*

इथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझा जन्म घरी, सुईणीच्या हातचा. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म नर्सबाईंच्या हातचा. आई अडली होती. नर्सबाई रात्री कंदील घेऊन आल्या, पहाटेपर्यंत बसल्या, आणि दोघी जगल्या. पुढे कितीतरी वर्षे आई त्यांचे नाव हात जोडून घेई. आणि त्या घरी आल्या की त्यांना चहा मिळे तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत. ती कपबशी दुसऱ्या कुणासाठी खाली निघत नसे. लहानपणी मला वाटे, ती मानाची कपबशी आहे. नर्सबाईंना ठाऊक होते की ती कसली आहे. त्या चहा पीत, कपबशी स्वतः विसळत आणि पालथी घालून जात.

ज्या हातांनी जीव वाचवला त्यांचे उपकार मानायचे आणि त्या हातांचा विटाळही मानायचा, दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या मनात. मला वाटते, नर्सला आपण ‘देवता’ का म्हणतो याचे उत्तर इथे कुठेतरी आहे. देवतेला नमस्कार केला की काम भागते. तिला पगार, पाळणाघर, रात्रीच्या ड्यूटीला सोबत, निर्णयात वाटा असले काही द्यावे लागत नाही.

सरकारने एएनएमला उपकेंद्र दिले : सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक, अकोल्यासारख्या आदिवासी डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक. बाळंतपणे, लसीकरण, घरभेटी आणि रजिस्टरे तिच्याकडे. त्यावर कुटुंबनियोजनाचे ‘टार्गेट’. ते वरून ठरे आणि १९९६ पर्यंत तिच्या डोक्यावर होते. परिणामी कितीतरी गावांत नर्सबाई म्हणजे ‘ऑपरेशनला नेणारी बाई’ झाली. ती दिसली की बायका दार लोटून घेत. काम तिचे, त्याचा आकडा दुसऱ्याचा, आणि लोकांचा राग पुन्हा तिच्यावर.

*

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बीड आणि धाराशिवच्या सीमेवरच्या जामखेडमध्ये, १९७० साली वेगळे काही सुरू झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली होती. तिथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली : बरे करून पाठवलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजाराचे मूळ गावात आहे. अमेरिकेत शिकून ते परतले आणि गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत त्यांनी काम मांडले.

त्यांचा पहिला बेत साधा होता : गावोगाव एएनएम नेमायची. तो फसला. परगावची, तरुण, बहुधा अविवाहित मुलगी एकटी गावात राहायला धजेना. राहिली तर गाव तिचे ऐकेना. बाईच्या जातीला भीती आणि परकीला अविश्वास, या दोन्हींपुढे तिचे प्रमाणपत्र चालत नव्हते. दोष त्या मुलींचा नव्हता. त्यांना गावात ठेवणाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी काही ठेवले नव्हते.

मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. आल्या त्या बहुतेक पोक्त, पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत, एका पंगतीत जेवत आणि जवळजवळ निजत. माझ्या आईच्या कोनाड्यातली कपबशी तिथे शिल्लक राहणे शक्य नव्हते. तिथे त्या गरोदर बाई तपासायला, जुलाबात साखर-मिठाचे पाणी द्यायला, साबण, निर्जंतुक ब्लेड आणि दोरा वापरून बाळंतपण करायला शिकल्या.

हे चित्र अनेकांनी रंगवले आहे. त्यात एक व्यक्ती बहुधा सुटते, ती म्हणजे नर्स. वरवर पाहता जामखेडने नर्सला बाजूला सारून अडाणी बाईला पुढे केले. प्रत्यक्षात नर्सची जागा बदलली. फिरत्या पथकात ती गावी जाऊ लागली. गावच्या कार्यकर्तीने निवडून ठेवलेले रुग्ण तपासायचे, नेहमीच्या आजारांवर स्वतः निर्णय घेऊन उपचार करायचे, अवघड तेवढे डॉक्टरकडे पाठवायचे, आणि मुख्य म्हणजे कार्यकर्तीला शिकवत राहायचे, हे तिचे काम झाले. डॉक्टरने आपल्या ज्ञानाचा वाटा नर्सला दिला, नर्सने आपला वाटा गावच्या बाईला दिला. देताना कुणाचे कमी झाले नाही. नर्स हुकूम पाळणारी राहिली नाही, शिकवणारी झाली.

परिणाम आकड्यांत आहे. आरोळ्यांच्या नोंदींनुसार प्रकल्पातील गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या एक कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची आणि स्वतःला पणतीची उपमा दिली. झुंबर महागडे आणि जागचे हलत नाही, पणतीवर मात्र दुसरी पणती लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ आणली. जामखेडसारख्या प्रयोगांतली गावची बाई सरकारने उचलली. पण तिच्याभोवतीची ती रचना, म्हणजे निर्णय घेणारी नर्स, आठवड्याचे शिक्षण, वरून खाली वाटले जाणारे ज्ञान, तेवढ्या प्रमाणात उचलली गेली नाही. आशाला कामागणिक मोबदला मिळाला, नर्सला आणखी रजिस्टरे.

*

आता पुन्हा सिव्हिलकडे. कोविडच्या दोन वर्षांत नगरमध्ये सिव्हिल आणि बूथ या दोन्ही ठिकाणी परिचारिकांनी काय केले, हे शहराने पाहिले. टाळ्या वाजल्या, फुले उधळली गेली. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी, हा निकष कागदावर जुना आहे. कोणत्याही जिल्हा रुग्णालयात रात्री दहा वाजता जाऊन मोजावे, म्हणजे निकष आणि वास्तव यांतले अंतर दिसेल. हे अंतर अधिसेविका लेखी कळवू शकते. मंजुरी देणे, यंत्रणा बसवणे, माणसे नेमणे तिच्या हातात नसते.

नर्सवर जबाबदारी नको, असे मी म्हणत नाही. जबाबदारी नसेल तर तो व्यवसायच नव्हे. सावित्रीबाईंच्या काळी शुश्रूषा व्यवसाय नव्हता. तो व्हावा म्हणून मिशनच्या पोरक्या मुलींनी आणि सेवासदनातल्या विधवांनी टवाळी सोसली. पण व्यवसायाला दोन हात लागतात, जबाबदारीचा आणि अधिकाराचा. नगर जिल्ह्याने एकदा, जामखेडला, दोन्ही हात एकत्र देऊन पाहिले आणि त्याचे फळ जगाने पाहिले. एरवी आपण एकच देत आलो.

नर्सबाई आता नाहीत, आईही नाही. घर पाडताना कोनाड्यातली ती कपबशी सापडली. टाकून द्यावी असे सगळ्यांचे मत पडले, मी ठेवून घेतली. या वर्षी भाऊबीजेला ‘सिस्टर’ हा शब्द कानावर आला, तर त्या शब्दामागच्या बाईच्या ड्यूटीवर आज किती खाटा आहेत, आणि धोका दिसला तर तो थांबवण्याचा अधिकार तिला आहे का, एवढे आपण विचारावे.