रस्त्यांची जोड आणि शहराचा पसारा
मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील, सोलापूर-विजयपूर महामार्गावरील गाव. सोलापूरची हद्दवाढ १९९२ मध्ये झाली. याच दिशेला जुळे सोलापूर विस्तारले. शहर पसरताना रस्त्यांची परस्परांशी असलेली जोड बदलते. साखर पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या वस्तीत गल्ली गल्लीला मिळते. शेतजमीन बिगरशेती होऊन सुटे लेआउट पडू लागले, की अंतर्गत रस्ता बहुधा कुंपणाशी संपतो; शेजारच्या वसाहतीत जायलाही महामार्ग गाठावा लागतो, आणि शाळकरी मुलांना अवजड वाहनांतून वाट काढावी लागते. चौक किती व बंद टोके किती, यावरून ही जोड मोजतात. घरे पाडून नवी होतात, रस्त्याची आखणी सहसा तीच राहते. प्लॉट विकले गेल्यावर जोडरस्त्याला जागा मिळवणे अवघड होते.