पालथे घातलेले दगड

आमच्या गावच्या दर्ग्याला पाच पायऱ्या आहेत. तिसरी पायरी म्हणजे एक वीरगळ आहे. आडवा टाकलेला, कोरीव बाजू वर. तळाला लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर पिंड आणि चंद्रसूर्य. पावलांनी सगळं गुळगुळीत झालंय, पण तिरप्या उन्हात घोडा अजून दिसतो. माझ्या दादीने त्या पायरीवर कधी पाय ठेवला नाही. गुडघे दुखत असतानाही ती ओलांडायची. म्हणायची, ‘‘घोडेस्वार हाय त्यो. त्येच्या अंगावर पाय द्यायचा न्हाई.’’

काही वर्षांपूर्वी दोन तरुण फोटो काढायला आले. एकाने मला विचारलं, ‘‘चाचा, हा कुणी फोडला?’’ मी म्हटलं, फोडलेला नाही, आडवा घातलाय. ‘‘तेच ते,’’ तो म्हणाला आणि निघून गेला. ‘तेच ते’ आहे का, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. त्यानंतर हा प्रश्न घेऊन मी फार लांबच्या एका बेटावर जाऊन आलो, त्याची ही हकीकत.

बेटाचं नाव गॉटलंड. स्वीडनच्या पूर्वेला, बाल्टिक समुद्रात. विस्बी हे तिथलं तटबंदीचं शहर. तिथे लेखक-अनुवादकांसाठी एक निवास आहे, तिथे काही आठवडे राहण्याचा योग आला. कविता फारशा झाल्या नाहीत. दगड मात्र पोटभर पाहिले.

या बेटावरचे लोक साधारण इसवी सन ४०० पासून ११०० पर्यंत चित्रं कोरलेले दगड उभारत होते. आजवर पाचशेहून अधिक दगड आणि तुकडे सापडले आहेत. सुरुवातीच्या दगडांवर मोठं फिरतं चक्र, त्याखाली वल्ह्यांची होडी. पुढच्या काळातले दगड माणसाहून उंच, आकार थेट अळंबीसारखा. त्यांवर शिडाचं जहाज, लढाई, आणि वर घोड्यावरून येणारा वीर. त्याच्या स्वागताला हातात मद्याचं शिंग घेतलेली स्त्री. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, अरे, हा तर आपला वीरगळ! मरण खाली, स्वागत वर. या दोन मुलखांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, तरी मेलेल्या माणसाला चांगल्या ठिकाणी पोचवायची घाई दोघांनाही सारखीच.

मग बेट ख्रिस्ती झालं. बाराव्या-तेराव्या शतकांत गावोगाव दगडी चर्चं उभी राहिली. त्यांतली नव्वदहून अधिक आजही उभी आहेत. आणि या चर्चांच्या भिंतींत, फरशांत, उंबऱ्यांत हे जुने दगड सापडतात. ब्रो, मार्टेबो, वेस्किंदे, सांडा, अशी कितीतरी गावं. काही दगडांची चित्रं दर्शनी बाजूला, काहींची आत, काही चक्क पालथे.

सगळ्यांत गाजलं ते आर्द्रे गावचं चर्च. १९०० च्या सुमारास त्याची दुरुस्ती चालली होती. लाकडी फरशी उचकटली, तर खाली चित्रांचे दगड. त्यातल्या एकावर ओडिन देवाचा आठ पायांचा घोडा आहे. व्योलुंद लोहाराची भट्टी आहे, आणि भट्टीमागे त्याने सूडापोटी मारलेल्या दोन राजपुत्रांची मुंडकी नसलेली धडं. गळ टाकून बसलेला थॉर देवही त्यात आहे. म्हणजे वर शतकानुशतकं येशूची प्रार्थना आणि तिच्या पायाखाली अख्खं जुनं पुराण!

आता हे का केलं? काही अभ्यासक म्हणतात, जुन्या देवांना पायाखाली घातलं. हा नव्या धर्माचा विजय. काही म्हणतात, उगाच अर्थ काढू नका. चुनखडीचा तासलेला सपाट दगड आयता मिळत असताना गवंडी नवा कशाला तासेल? आणखी काहींना वाटतं, हे पूर्वजांचे दगड होते, ते मुद्दाम पवित्र जागी आणले. एकच कारण सगळ्या दगडांना लागू करायला गेलं की गोंधळ होतो, असं माझं मत. पालथा दगड आणि भिंतीत दर्शनी लावलेला दगड एकच गोष्ट सांगत नाहीत.

पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दगड उभारणारे आणि ते चर्चमध्ये घालणारे लोक बाहेरून आलेले दोन पक्ष नव्हते. ‘गुता सागा’ नावाचा तेराव्या शतकातला एक छोटा ग्रंथ आहे, बेटाची बखरच म्हणा. त्यात आकेबेकच्या बोताइरची गोष्ट येते. त्याने बांधलेलं चर्च लोकांनी जाळलं. त्याने ‘वी’ नावाच्या जागी, म्हणजे जुन्या पवित्र स्थानावर, दुसरं बांधलं. लोक तेही जाळायला आले, तेव्हा तो चर्चवर चढून बसला: जाळायचं तर मला घेऊन जाळा. त्याला वाचवलं कुणी? त्याच्या सासऱ्याने. चर्च ‘वी’मध्ये आहे, ते जाळू नका, असं सासऱ्याने सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. बखरीतली गोष्ट आहे, शब्दशः खरी धरू नये. पण या बेटाने आपलं धर्मांतर घरातल्या भांडणासारखं लक्षात ठेवलं, हे खरं.

दगडही तेच सांगतात. अकराव्या शतकातले शेवटचे दगड त्याच अळंबीच्या घाटाचे आहेत, पण त्यांवर आता क्रूस आलाय. धर्म बदलला, पाथरवटाचा हात तोच राहिला.

विस्बीच्या संग्रहालयात स्पिलिंग्जचा खजिना आहे. १९९९ मध्ये शेतात सापडलेली ६७ किलो चांदी, चौदा हजारांवर नाणी, बहुतेक अरबी दिरहम. इतक्या उत्तरेला, काचेमागे, कूफी लिपीतला कलमा वाचताना मला गंमत वाटली. त्यातच खजर लोकांनी पाडलेलं एक नाणं आहे. घाट दिरहमचा, पण त्यावर मूसा हा अल्लाहचा रसूल असल्याचं कोरलंय. लोकांना आपलं म्हणणं मांडायला दुसऱ्याचा साचा चालतो, याचा याहून सुबक दाखला मी पाहिलेला नाही.

या दगडांचा पहिला मोठा संग्रहग्रंथ सुने लिंडक्विस्ट यांनी १९४१-४२ मध्ये दोन खंडांत छापला. फोटोत दिसावं म्हणून कोरीव रेषा रंगवल्या गेल्या. काही ठिकाणी रंग चुकला, आणि पुढच्या पिढ्या दगडाऐवजी रंगच वाचत राहिल्या. अलीकडे सिगमुंड एर्ल यांनी वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून हे दगड पुन्हा तपासले. २०१९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. रानात उभ्या राहिलेल्या दगडांची चित्रं वाऱ्यापावसाने, दगडफुलाने खाल्ली. पालथे घातले गेले ते बरेच वाचले. अपमान म्हणून घातले असतील, तरी वाचले.

आर्द्रेच्या त्याच फरशीखाली लहान दगडही निघाले. चार कोरीव बाजूंच्या पेटीसारखं ते स्मारक होतं. त्यांच्या कडांना रून लिपीत मजकूर आहे. सिब्बा नावाच्या माणसाने आपल्या बायकोसाठी, आंगाच्या रोदगाइरच्या मुलीसाठी, ते करवलं. तिचं नाव रोदियाउद. लहान मुलं मागे ठेवून ती तरुणपणीच गेली, एवढंच त्यावर लिहिलंय. हा दगड ओडिनचा नाही, थॉरचा नाही. कुणाच्या विजयासाठी या बाईला पायाखाली घातलं असेल? मला वाटतं, तोवर तिची मुलंही म्हातारी होऊन गेली होती, नातवंडांना नाव आठवत नव्हतं आणि गवंड्याला फरशी हवी होती.

आर्द्रेचे मूळ दगड आज स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. तरी मी चर्च पाहायला गेलो. दाराशी सवयीने बूट काढले. देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, काढायची गरज नाही, फरशी गार आहे. मी म्हटलं, असू द्या. मग त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी ओढून माझ्या पायांपर्यंत आणली.