वाटेवरचा खाऊ

वेळापूरच्या माणसाला प्रवास आणि खाऊ यांचे नाते निराळे शिकवावे लागत नाही. दर वर्षी ज्ञानोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते आणि अर्धनारीनटेश्वराच्या देवळापासून पालखीतळापर्यंत सारा गाव वारकऱ्यांनी भरून जातो. वारी करून माघारी निघालेला माणूस पंढरपुराहून घरी काय नेतो? चुरमुरे, बत्तासे, पेढे आणि बुक्क्याची पुडी. तेथे निवडीचा प्रश्न नसतो. प्रसाद जसा मिळेल तसा घ्यावयाचा. परंतु प्रवासात दुकानापुढे उभे राहून ‘यातली कोणती चव घ्यावी?’ असा विचार करणे, ही गोष्ट कष्टकरी माणसाच्या आयुष्यात फार उशिरा आली. ती कशी आली, आणि कोणाच्या आयुष्यात ती अजून आलेली नाही, एवढेच आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

गेल्या वर्षी युनियनच्या कामासाठी आम्ही चौघे जण मुंबईस गेलो होतो. काम दुपारीच आटोपले, म्हणून लोअर परळला फिनिक्स मिलची जागा पाहावयास गेलो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या संपानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. जेथे साच्यांचा खडखडाट चाले, तेथे आता झगमगाटाचा मोठा बाजार उभा आहे. त्या बाजारातील एका दुकानात काचेमागे रंगीबेरंगी गोल चकत्या रांगेने मांडल्या होत्या. आकार रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, दोन चकत्या एकमेकींवर बसविलेल्या आणि मध्ये सारण. नाव मॅकरॉन, मूळ गाव फ्रान्स.

“काका, कोणता फ्लेवर देऊ?” दुकानातील मुलीने विचारले आणि यादीच म्हणून दाखविली. पिस्ता, गुलाब, रासबेरी, लिंबू, कॉफी, चॉकलेट, मीठ घातलेले कॅरॅमल. मालकाशी पगारवाढीच्या करारावर तासन्‌तास भांडणारे आम्ही चौघे तेथे मात्र गप्प उभे राहिलो. आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ माळकरी. त्यांनी अखेर तोंड उघडले : “पोरी, यात अंडं असतं का गं?”

प्रश्न अगदी नेमका होता. बदामाची बारीक पूड, साखर आणि अंड्यातील पांढऱ्या भागाचा फेस, एवढ्यावरच ही चकती उभी असते. मुलीने बिनअंड्याच्या दोन चवी दाखविल्या. त्यांत अंड्याऐवजी हरभरे शिजविलेले पाणी फेटून घालतात. २०१४ साली फ्रान्समधील जोएल रोसेल या गृहस्थाने अशा पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो हे दाखवून दिले, आणि पुढे ती युक्ती जगभर गेली. आपल्याकडे पुरणाची डाळ शिजवून जो कट काढतात, त्याच जातीचे हे पाणी. हे कळल्यावर आमच्या माळकरी मित्राची भीड चेपली. मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही ध्यानात ठेवली. “रंगावर जाऊ नका, काका. वरची चकती बहुतेक सगळ्यांची बदामाचीच. चव आतल्या सारणात असते, तेवढं विचारून घ्या.” आमच्या मते हा सल्ला मिठाईपुरताच नाही.

दिसावयास ही मिठाई राजवाड्यातली वाटते. पण तिच्या इतिहासात कष्टाचा भागही आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ साली तेथील मठ बंद झाले, तेव्हा नान्सी या गावातील दोन जोगिणी उघड्यावर पडल्या. मठात शिकलेली ही चकती भाजून विकूनच त्यांनी पोट भरले, आणि पुढे त्यांच्या नावाने ती मिठाई त्या गावची खूण होऊन बसली. दोन चकत्यांत सारण भरण्याची रीत पॅरिसमध्ये त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकात रुळली. मुंबईत २०१० साली पूजा धिंग्रा या पॅरिसला शिकून आलेल्या तरुणीने या मिठाईचे दुकान थाटले. पुढे इतरांनीही ती करावयास घेतली.

परतीच्या वाटेवर आम्ही लोणावळ्यास उतरलो. तेथे चिक्कीची निवड. शेंगदाणा, तीळ, खोबरे, डाळे, राजगिरा, काजू. घाटातील रेल्वेच्या मजुरांना गूळ आणि दाणे यांची वडी देत असत, तिचीच पुढे चिक्की झाली, असे तेथील जुने लोक सांगतात. त्या मजुरांची कथा मात्र कागदोपत्री नोंदलेली आहे. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. १८६१ च्या सुमारास तेथे ४२,००० माणसे राबत होती. पटकीने आणि तापाने हजारो दगावली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला, आणि त्याच वर्षी फेव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला, तोही त्याच वर्षी मरण पावला. मग त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका चालविला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांनी घाटाचे उद्घाटन केले. त्यानंतर घाटावरचा माणूस आगगाडीत बसून थेट मुंबईस जाऊ लागला आणि स्टेशनावर खाऊ घेऊ लागला. ज्यांनी बोगदे खणले त्यांना मात्र कोणी ‘तीळ की शेंगदाणा?’ असे विचारले नव्हते.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. तरुणपणी याच लोणावळ्यात आमच्या एका सोबत्याने काजूची चिक्की घेतली, तेव्हा आम्ही त्याला चारचौघांत बोललो होतो. शेंगदाण्याची स्वस्त असताना ही चैन कशाला, असे आमचे म्हणणे. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मागण्यांच्या यादीत काजू लिहू नका. पण एकदा खाऊ तर द्या.” त्या वेळी आम्हांस राग आला. आज वाटते की तोच बरोबर होता. कामगाराने पोटापुरते मागावे आणि चवीचे नाव काढू नये, ही मालकाची शिकवण आमच्याच तोंडून बाहेर पडली होती.

कारण चव निवडण्यास नुसता पैसा पुरत नाही, वेळही लागतो. आणि कामगाराला हा वेळ कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. मॅकरॉनच्या देशातही तेच. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केले आणि वर्षाकाठी २ आठवडे पगारी रजा कायद्याने मिळविली. त्या वर्षी कित्येक कामगार कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी रजा ठरविली. रजा मिळाली म्हणून सहल आली, आणि सहल आली म्हणून दुकानासमोर क्षणभर घुटमळणे आले.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. मॅकरॉन असो, पेढा असो की चिक्की असो, साखर किंवा गूळ त्यात आहेच, आणि ऊस आपल्या शिवारात आहे. तो तोडावयास दर दिवाळीच्या सुमारास बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांना पगारी रजा नाही. उलट एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. प्रवास तेही करतात, आपल्याहून अधिकच करतात. पण तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, भांडीकुंडी आणि पोरे घेऊन. प्रत्येक मिठाईत ज्यांचा घाम आहे, त्यांच्याच वाट्याला निवड नाही.

हा वसंत ऋतू म्हणजे त्यांच्या परतीचा काळ. परवाच गावच्या स्टँडजवळ अशी एक ट्रॉली थांबली होती. एक लहान मुलगी उतरून दुकानातील बरण्यांपुढे उभी राहिली आणि एकीवरून दुसरीवर बोट फिरवू लागली. पाच-सात बरण्या होत्या, तिचे काही ठरेना. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. बापाने हातातली नाणी पुढे केली आणि दुकानदारास म्हटले, “कोणतीबी द्या, मालक.”

त्या मुलीला आणखी दोन मिनिटे मिळावयास हवी होती. आमच्या चळवळीचे उरलेले काम तेवढेच आहे, आणि ते थोडे नाही.